पंखांची अँबॅसेडर लोणारला नेली त्याची हकीकत

लोक लोणारला सरोवर पाहायला जातात. आम्ही गाडी विकायला गेलो. ज्यांनी लोणार पाहिलेलं नाही त्यांनी सरोवराची माहिती एखाद्या भूगोलाच्या मास्तरांकडून घ्यावी. माझ्याकडून त्यांना एवढंच कळेल, की मोताळ्याहून तिथे पोचायला दोन दिवस लागतात. एसटीनं गेलात तर अर्ध्या दिवसात पोचाल, पण एसटीला पंख नसतात.

आमच्या गाडीला होते.

आमचे हे, म्हणजे भास्करराव, यांनी मोताळ्यात चाळीस वर्षं वेल्डिंगचं दुकान चालवलं. तालुक्यातली निम्मी लोखंडी फाटकं आणि बऱ्याचशा ट्रॉल्या यांच्या हातच्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायची. तरुणपणी यांनी मलकापूरच्या टॉकीजमध्ये एक हिंदी सिनेमा पाहिला. नाव सांगत नाही, कारण तो काढणाऱ्यांनीही नंतर कुणाला सांगितलं नसावं. त्यात नायक गुप्तहेर असतो. गुंड त्याला डोंगराच्या कड्यापर्यंत पिटाळत आणतात आणि आता संपलं असं वाटतं तेवढ्यात त्याच्या अँबॅसेडरला मागून दोन पंख फुटतात, बुडातून धूर निघतो आणि गाडी दरीवरून उडून जाते. सिनेमा एक आठवडा चालला. त्या आठवड्यात यांनी तो सहा वेळा पाहिला. सातव्या दिवशी थिएटरला सुट्टी असावी.

पुढे लग्न झालं, मुलगी झाली, ती शिकून नाशिकला गेली, आणि मला वाटलं आता हे शहाणे झाले. त्याच वर्षी एका जिनिंगवाल्याच्या आवारात, कडुनिंबाखाली, यांना एक फार जुनी अँबॅसेडर दिसली. आत कोंबड्या अंडी घालत होत्या. यांनी कोंबड्या हाकलल्या आणि गाडी आणली. उलट केलं असतं तर निदान अंडी तरी मिळाली असती.

अकरा वर्षं ते काम चाललं. दिवसा लोकांची फाटकं आणि संध्याकाळी गाडी. इंजिन उतरवलं, चढवलं, पुन्हा उतरवलं. मागे पत्र्याचे दोन पंख आले, माझ्या खांद्याइतके उंच. बुडाला तोफेसारखी एक नळी आली. समोर जाळीवर चार जादा दिवे आले. डॅशबोर्डाखाली एक तोटी आली, ती फिरवली की तापलेल्या सायलेन्सरवर काळं तेल ठिबकायचं आणि मागे धूर निघायचा. रंग मात्र दुधी होता तोच राहिला. सिनेमातली गाडीही दुधीच होती. निर्मात्याकडे रंगाला पैसे उरले नसावेत.

मग डोळे गेले. म्हणजे सगळे नाही गेले. काचबिंदू निघाला, आणि डॉक्टर म्हणाले की यांना नळीतून पाहिल्यासारखं दिसतं. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. "म्हणजे दुकानात आलेलं गिऱ्हाईक दिसेल, शेजारी उभी असलेली बायको दिसणार नाही," असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मला त्यात नवीन काही वाटलं नाही.

नळी अरुंद होत गेली, लायसन संपलं, दुकान भाड्यानं दिलं. गाडी अंगणात आली. महिनाभर हे तिच्याभोवती हात लावत फिरले आणि एका सकाळी चहा पिताना म्हणाले, "उभ्यानं सडण्यापरीस चालवणाऱ्याले देऊन टाकू."

आमच्या भाच्यानं गाडीचा फोटो जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या एका गटावर टाकला. दिवसभरात चाळीस उत्तरं आली. त्यातली हसण्याची चित्रं वगळली तर उरलेल्या उत्तरांत "अरेरे" हा शब्द समान होता. शेवटी गटाच्या प्रमुखांनी लिहिलं, की आम्ही दिवाळीनंतर गाड्या घेऊन लोणारला येतो आहोत, तिथे आणा, पाहू.

यांनी मला विचारलं, "नेशील का?"

मला तोपर्यंत स्कूटी चालवता येत होती. बासष्टाव्या वर्षी बुलढाण्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन मी चारचाकी शिकले. शिकवणारा मला "आजी, क्लच" एवढंच म्हणायचा. महिन्याभरात मला क्लच कळला आणि त्याला आजी कळली.

राजूर घाट

सकाळी आठला निघालो. मी स्टिअरिंगवर, हे शेजारी. या गाडीचा गेअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच असतो आणि तो टाकणं म्हणजे जुन्या विहिरीची कडी ओढणं. हे डोळे मिटून बसले होते, पण कान उघडे होते. "दुसरा टाक. आता नको टाकू. टाक म्हणलं ना." चाळीस वर्षांच्या संसारात यांनी मला इतक्या सूचना कधी दिल्या नव्हत्या.

मोताळ्याहून बुलढाण्याला जायचं तर राजूर घाट चढावा लागतो. खाली काळी जमीन, सोयाबीन निघून मोकळी झालेली, मधूनमधून कापसाची पांढरी वावरं आणि त्यात वाकलेल्या बाया. वर चढत गेलं की हवा बदलते. बुलढाण्याचे लोक आपल्या गावाला थंड हवेचं ठिकाण म्हणतात. आम्ही खालचे लोक त्यांना तसं म्हणू देतो.

तिसऱ्या वळणावर माझा गुडघा तोटीला लागला.

आधी मला काहीच कळलं नाही. मागच्या आरशात रस्ता दिसेनासा झाला एवढंच. मग हे नाक वर करून म्हणाले, "धूर सुटला. तोटी बंद कर." मी केली. तोटी फिरली, पण गरागरा फिरतच राहिली. सिनेमातला नायक ती कशी बंद करत होता, हे सिनेमात दाखवलेलं नाही.

गाडी कडेला घेतली. हे उतरून मागे गेले आणि वाकले. तेवढ्यात मागून भाजीचा एक टेम्पो आला. त्यातून चाळिशीचा एक माणूस बादली घेऊन उडी मारून आला. मेथीवर शिंपडायला ठेवलेलं सगळं पाणी त्यानं धुराच्या दिशेनं फेकलं. धुरात आमचे हे होते.

"मावशी, उतरा! गाडी पेटली तुमची!"

"पेटली नाही हो. ती अशीच आहे."

"अशीच म्हंजे?"

"सिनेमातली आहे."

त्यानं धुरातून हळूहळू वर आलेले पंख पाहिले. मग ओल्याचिंब भास्कररावांकडे पाहिलं. "मंग पाणी काऊन मारू देलं?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

त्याचं नाव उत्तम. रोहिणखेडजवळ त्याची वांगी-मेथीची वाडी होती आणि माल बुलढाण्याच्या बाजारात न्यायचा होता. बाजाराची वेळ टळत होती, पण तो गाडीखाली झोपला आणि यांनी वरून सांगितलं तसं तेलाची नळी दोरीनं आवळून बांधली. उठला तेव्हा त्याचा सदरा काळा होता आणि चेहरा खूश. "काका, उडते का हे?" त्यानं विचारलं.

"नाई," हे म्हणाले. "चालते."

"मंग ठीक हाये. चालनारीच पायजे." जाताना त्यानं मागच्या सीटवर वांग्यांची पिशवी ठेवली. पैसे देऊ केले तर म्हणाला, "मले गाडी विझवाले भेटली नाई, निदान वांगे तं घ्या."

बुलढाण्यात चौकात सिग्नलला एक गृहस्थ खिडकीशी आले. "कोणत्या पार्टीची हाये? निशानी विमान हाये का?" मी नाही म्हटलं. त्यांनी तरी जाता जाता हात जोडून ठेवले. उद्या निवडून आलो तर ओळख असावी.

चिखली

चिखलीत चहाला थांबलो आणि परत निघायच्या वेळी गाडी सुरू होईना. हे म्हणाले, "गरम झाली. पंप तापला तिचा. ओलं फडकं ठेव अन् धा मिन्टं तिच्याशी बोलू नको." मी पंपावर ओलं फडकं ठेवलं. बोलायचा प्रश्नच नव्हता. माझ्या मनात जे येत होतं ते मी मुलांना शिकवलेल्या मराठीत बसणारं नव्हतं.

दहा मिनिटांत भोवती तीस माणसं जमली. मोताळ्यात गाडी बिघडली तर माणसं विचारतात, काय झालं? चिखलीत विचारतात, केवढ्याला? एका धोतरवाल्या बाबांनी पंखाला टिचकी मारून पाहिली आणि शेजारच्याला सांगितलं, "पत्रा चांगला हाये. टाकीले कामी येईन." दुसऱ्या एकाच्या पुतण्याचं लग्न होतं. त्याला नवरदेवासाठी गाडी हवी होती, एका दिवसाकरता.

"नवरदेव उभा राहीन मंधात, दोन पंखाईच्या," तो हातांनी दाखवत म्हणाला. "अन् वरून धूर!"

मला सूचना वाईट वाटली नाही. पण हे ताठ झाले. "मुंडावळ्या बांधाले नाई हाये हे गाडी."

"मंग कायले हाये?"

याचं उत्तर अकरा वर्षं मी पण मागत होते. मी किल्ली फिरवली. स्टार्टरचा आवाज आला, गाडी सुरू झाली आणि सगळ्या तीस माणसांनी टाळ्या वाजवल्या.

मेहकर

मेहकरला माझी नणंद सुमन राहते. पैनगंगेचा पूल ओलांडून तिच्या दारात पोचलो तेव्हा चार वाजले होते. सुमननं आधी गाडीला ओवाळलं, मग भावाला, आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "वयनी, तू चालवत आनली? एवढं?" त्या स्वरात कौतुक होतं की मेहकरच्या लोकांची काळजी, ते मी विचारलं नाही.

उत्तमच्या वांग्यांचं तिनं भरीत केलं. चुलीत भाजलेली वांगी, हिरव्या मिरच्या, कांद्याची पात आणि वरून कच्चं तेल. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर. मोताळ्यात मी भरितात शेंगदाणे घालते. सुमननं ते ऐकून कानावर हात ठेवले. तिच्या मते भरितात शेंगदाणे घालणं म्हणजे अँबॅसेडरला पंख लावणं. हे हसत हसत चौथी भाकर घेऊन बसले.

जेवणाआधी उजेड होता तेवढ्यात हे गाडी धुवायला गेले होते. मी ओट्यावरून पाहत होते. हे पाण्याचा हात पत्र्यावरून फिरवत जात होते. बॉनेटचा गोल, दाराची कड, मग मागे पंखाची मुळं. मुळांशी हात थांबायचा आणि बोटांनी काहीतरी चाचपायचा. मला वाटलं, निरोप घेताहेत.

"विकताच काऊन?" हे जेवून उठल्यावर मला वाढताना सुमननं हळूच विचारलं. "वयनी चालवते ना आता."

"वयनीचे मनगटं पाह्य," मी म्हटलं आणि दाखवली. दिवसभर तो गेअर ओढून ती सुजली होती. "वर्षातून दोन वेळा नेईन मी. बाकीचे दिवस ती अंगणात उभी राहील आणि हे तिला हात लावत फिरतील. मला ते पाहवत नाही."

हे वाक्य मी कसं बोलून गेले ते मला माहीत नाही. सुमननं मला आणखी भरीत वाढलं. आमच्याकडे यापुढे बोलण्याची पद्धत नाही.

लोणार

दुसऱ्या दिवशी सुलतानपूरवरून लोणारला दहाच्या सुमारास पोचलो. सरोवराच्या काठाजवळच्या पर्यटक निवासाच्या आवारात आठ जुन्या गाड्या एका ओळीत उभ्या होत्या आणि आठ मालक मऊ फडक्यांनी त्या पुसत होते. पुसण्यासारखं काही नव्हतं. सगळ्यांच्या डोक्यावर सारख्या टोप्या होत्या.

आमची गाडी आत शिरली तशी फडकी थांबली. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे हळूहळू जवळ आले आणि प्रेताभोवती उभे राहतात तसे उभे राहिले. एकानं टोपी काढली.

या लोकांचं 'मूळ' या शब्दावर फार प्रेम. मूळ काच, मूळ स्क्रू, मूळ शिवण. एका गृहस्थांनी मागच्या सीटवरचा शाईचा मूळ डागसुद्धा जपला होता आणि तो दाखवायला ते पाहुण्यांना आत बसवत होते. पलीकडे दहा पावलांवर, आकाशातून पडलेल्या एका दगडानं मूळ जमिनीत एवढा मोठा फेरफार करून ठेवला होता. त्याचे मात्र सगळे कौतुकानं फोटो काढत होते.

गटाचे प्रमुख प्रधान म्हणून होते. सत्तरीचे, पांढऱ्या मिशा, गळ्यात दोरीला बांधलेलं एक लोहचुंबक. पत्र्यावर जिथे चुंबक चिकटत नाही तिथे आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते, असं त्यांनी मला समजावलं. त्यांनी गाडीला दोन फेऱ्या मारल्या आणि माझ्यासमोर येऊन थांबले.

"वहिनी, राग मानू नका. पण हा खून आहे."

"कुणाचा?"

"गाडीचा. या मॉडेलच्या किती गाड्या उरल्यात माहितीये का तुम्हाला? आणि तुम्ही त्यावर पत्र्याचे पंख डकवलेत. भोकं पाडायची, वेल्डिंग मारायचं, म्हणजे... अहो, निदान विचारायचं तरी कुणाला!"

हेच सगळं मी घरी अकरा वर्षं बोलत होते, याहून वाईट शब्दांत. मला आनंद व्हायला हवा होता. पण माझे कान तापले. "तुमच्या परवानगीनं कोंबड्या होत्या हो आधी हिच्यात," मी म्हटलं. "तेव्हा कुणी टोपी काढायला आलं नव्हतं."

तेवढ्यात गर्दीतून एक तिशीचा मुलगा पुढे आला. निखिल नाव. त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती, डोळ्यांवर चष्मा होता. त्याला गाड्यांतलं फार कळत नव्हतं, पण जुने सिनेमे पाठ होते. आमचा तो सिनेमा त्यानं पाहिला होता! भास्कररावांचा चेहरा असा उजळला, की मला लग्नातला फोटो आठवला.

"पण काका," निखिल म्हणाला, "सिनेमात पंखांवर लाल पट्टा होता. आणि जाळीवर दिवे तीन होते. चार नाही."

"चार होते," हे म्हणाले. "चवथा कड्याजवळ फुटते. गोळी लागून. मंग तीन दिसते."

निखिल वाकून चौथा दिवा पाहू लागला. एका शौकिनाला गप्प करून झालं होतं. दुसरा उरला होता. हे प्रधानांच्या आवाजाच्या दिशेला वळले.

"साहेब, तुमी म्हनले भोक पाडलं. कोठी पाडलं, दाखवा."

"अहो, पंख काय हवेत उभे आहेत का?"

हे हसले नाहीत. मला म्हणाले, "डिक्कीतली पिशवी दे. धा-अकराचा पाना, अन् बारा-तेराचा."

मी दिले. हे गाडीमागे मातीत मांडी घालून बसले आणि डाव्या पंखाच्या मुळाशी हात घातला. डोळे मिटलेले होते. उघडे असते तरी त्या कोपऱ्यात काही दिसलं नसतं. बोटं खालून गेली, बोल्टाच्या डोक्यावर थांबली, पाना बसला, एक आटा फिरला. बोल्ट माझ्या ओंजळीत आला. मग दुसरा. खालच्या झाडीतले मोर ऐकू येत होते.

अर्ध्या तासानं डावा पंख सुटला. प्रधानांनी स्वतः तो धरून खाली घेतला आणि मग ते वाकले, गुडघ्यावर आले, आणि शेवटी सरळ मातीत बसले. पंखाखाली दुधी पत्रा होता तसा होता. पंख बंपरच्या आणि डिक्कीच्या मूळच्या भोकांतूनच कसले होते. जिथे लोखंडी पट्टी पत्र्याला टेकत होती तिथे लोकरीच्या घड्या होत्या, पत्र्याला ओरखडा जाऊ नये म्हणून.

लोकर जांभळी होती. मी ओळखली. माझी शाल होती ती. आठ वर्षांपूर्वी हरवली म्हणून मी मोलकरणीला बोलले होते.

प्रधानांनी चुंबक लावलं. चिकटलं. वीतभर पुढे लावलं. चिकटलं. चाकावरच्या गोलापर्यंत ते लावत गेले आणि चुंबक प्रत्येक वेळी टक् करून चिकटत गेलं.

"वेल्डिंग?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"साहेब, म्या चाळीस वर्सं वेल्डिंग केलं," हे दुसऱ्या पंखाकडे सरकत म्हणाले. "लोकाईच्या फाटकाले केलं. हिले काऊन करू? हे जुनी वस्तू हाये. आपल्या हौशीसाठी तिले जाळाचं नाई."

"आणि आरटीओच्या तपासणीला?"

"तवा काढून ठिवतो ना. दुकानामांगं काढाचे, बुलढान्याले जाऊन याचं, अन् परत लावाचे."

दर पाच वर्षांनी ही गाडी तपासणीत पास होऊन यायची आणि मी मनाशी धरून चालले होते, की हे कुणाचा तरी हात ओला करत असणार. यांना मी कधी विचारलं नव्हतं. शिक्षिका होते ना, उत्तरं मला आधीच माहीत असायची.

उजवा पंख, नळी, दिवे, तोटी, सगळं तासाभरात उतरलं. उरली ती एक साधी, गोल, दुधी अँबॅसेडर. ती मी पूर्वी कधी पाहिलीच नव्हती. दिसायला बरी होती. प्रधान म्हणाले, "अशी असेल तर मी चालवायला घेईन."

आता गंमत पाहा. निखिल पुढे झाला आणि म्हणाला, "काका, मी घेतो. पंखांसकट. सगळं परत लावून द्या." त्याचा हायवेवर सिनेमाच्या सजावटीचा ढाबा होता. गाडी तो ढाब्याच्या गच्चीवर तिरपी चढवणार होता, दरीवरून उडतेय अशी. रात्री दिवे लावणार, खाली यांच्या नावाची पाटी लावणार. "हजारो लोक पाहतील, काका!"

यांच्या हातातला पाना थांबला. अकरा वर्षांत हे काम कुणी पाहायला मागितलं नव्हतं. मोताळ्यात लोक हसायचे आणि घरात मी. "नाव बी लिहशीन?" यांनी विचारलं.

"मोठ्या अक्षरांत."

"गाडी चालू राहीन ना पन?"

"चालवायचीच कशाला? इंजिन काढून टाकू, म्हणजे वजन कमी. लोक सेल्फी घेतील."

हे माझ्याकडे वळले. मी नक्की कुठे उभी आहे ते दिसत नव्हतं, म्हणून थोडे चुकीच्या बाजूला वळले. "काय करू?" म्हणाले.

अकरा वर्षं मी सांगत आले होते, ही गाडी कुणालाही द्या, भंगारात द्या, पण द्या. मी म्हटलं, "तुमचं नाव मोठ्या अक्षरांत होईल." मग पुढचं मला म्हणायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. "पण इंजिन काढतील म्हणतो."

यांनी बॉनेटवरून एकदा हात फिरवला. मग माझ्याकडून किल्ली मागून घेतली, आणि "प्रधानसाहेब कोठी हायेत?" असं विचारून त्यांच्या हातात दिली.

प्रधानांनी भाव केला नाही. ज्याला खून म्हणाले होते त्याची किंमत त्यांनी आपणहून बरी दिली. मग खिशातून वही काढून समोर उभे राहिले, शाळेतल्या मुलासारखे. हे सांगत गेले आणि ते लिहीत गेले. "थंडीत चोक पुरा वढाचा. पायडलवर दोनदा पाय द्याचा. तिसऱ्यांदा देला तं रुसते. मंग ओलं फडकं. अन् घाटात घाई नाई कराची." दोघं मिळून सरोवराच्या वरच्या रस्त्यानं एक फेरी मारून आले. परत आले तेव्हा प्रधान यांना भास्करराव म्हणत होते आणि तिसऱ्या माणसाबद्दल काहीतरी हळू आवाजात वाईट बोलत होते. पक्की मैत्री झाली होती.

सरोवर पाहायचं राहिलं होतं. काठावर गेलो. खाली हिरवं पाणी, भोवती झाडी, काठाला जुनी देवळं. यांनी विचारलं, "कसं हाये?" मी म्हटलं, "मोठं आहे." मला तेव्हा एवढंच सुचलं.

परत

लोणारहून मेहकरला एक एसटी, आणि मेहकरहून मलकापूरची दुसरी. पंख चादरीत गुंडाळून आम्ही दोन माणसांच्या सीटवर खिडकीशी उभे केले आणि त्यांच्या शेजारी बसलो. म्हणजे मी बसले, हे अर्धे बसले.

"हे काय हाये?" कंडक्टरनं विचारलं.

"पंख."

"कोनाचे?"

"यांचे," मी म्हटलं.

त्यानं यांच्याकडे नीट पाहिलं, सामानाचं तिकीट फाडलं आणि पुढे गेला. सरकारी नोकरीत माणूस बरंच काही पाहतो.

बुलढाणा सोडलं आणि उतरत्या उन्हात राजूर घाट लागला. हे खिडकीकडे तोंड करून बसले होते. थोड्या वेळानं म्हणाले, "काय दिसते?"

मी आधी म्हणणार होते, रस्ता दिसतो, आणखी काय दिसणार. पण मग सांगायला लागले. कठड्यावर वानरं बसली आहेत, त्यातलं एक दुसऱ्याच्या उवा काढतंय. खाली वावरांवर ऊन तिरपं आलंय. कापसाचे ढीग बांधावर आहेत आणि एका ढिगावर एक बाई झोपली आहे, लाल लुगडं आहे तिचं. समोरून चाऱ्याचा ट्रक येतोय, इतका भरलाय की ड्रायव्हर दिसत नाही. यांनी मध्येच विचारलं, "वानर किती?" मी मोजून सांगितली. असं वळणामागून वळण मी बोलत होते. शाळेत असतानाही एवढी सलग बोलले नव्हते, आणि तिथे तर मुलं ऐकतही नसत.

उतारावर एसटी जोरात सुटली. हे एकदम ताठ झाले, कान टवकारले.

"दुसऱ्यात पायजे होती," म्हणाले. "सांग त्याले."

मी उठले. दांड्याला धरत धरत पुढे गेले आणि ड्रायव्हरला म्हटलं, "भाऊ, दुसरा टाका."

ड्रायव्हरनं वळून माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमी चालवता का मी चालवू?"

"मी चालवते," मी म्हटलं. "कालच याच घाटानं वर गेले."

त्यानं मान पुन्हा रस्त्याकडे वळवली. मी सीटवर परत येईपर्यंत पुढचं वळण आलं, आणि खालून गेअर पडल्याचा आवाज आला.

"दुसरा," हे म्हणाले, आणि पंखाला टेकून डोळे मिटले.